ताळा करून दाखवणारा इतिहासकार

१८९६ या एकाच वर्षी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची दोन पुस्तके बाहेर पडली. एक लंडनला, इंग्रजीत, मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्या जोडीने लिहिलेले 'द इंडियन कॅलेंडर'. दुसरे पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापलेले, मराठीत, एकट्याने लिहिलेले 'भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास'. पहिले पुस्तक शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांच्या टेबलावर कायमचे जाऊन बसले. दुसऱ्याचे नाव मराठी माणूस आदराने घेतो आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतो. मला या दुसऱ्या पुस्तकाविषयी लिहायचे आहे. पण पहिल्याला बाजूला ठेवून ते लिहिता येणार नाही.

आधी माणूस. दीक्षितांचा जन्म १८५३ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. शिक्षण ट्रेनिंग कॉलेजचे आणि मॅट्रिकचे, पदवी नाही. नोकरी आयुष्यभर मास्तरकीची: रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज. संशोधनाची जागा, वेधशाळा, सरकारी रजा यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. शाळा सुटल्यावर आणि मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर जो वेळ उरेल त्यात हे सगळे झाले. 'विद्यार्थीबुद्धिवर्धिनी' हे त्यांचे सुरुवातीचे पुस्तक १८७६ चे. 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे सामान्य वाचकासाठी लिहिलेले गोड पुस्तक १८९२ चे. १८९८ च्या एप्रिलमध्ये ते वारले तेव्हा त्यांना पंचेचाळिसावे वर्ष चालू होते. म्हणजे मोठा ग्रंथ छापून झाल्यावर त्यावरची चर्चा ऐकायलाही त्यांना दोन वर्षांहून कमी मिळाली.

या चरित्राचे आपल्याकडे फार लवकर कौतुकात रूपांतर होते. गरीब मास्तर, दिव्याखाली आकडेमोड, साहेबांनी केलेली वाखाणणी, असा तो साचा. कौतुकाला माझी हरकत नाही. पण त्यात ग्रंथ वाचायचा राहून जातो, आणि वाचला की लक्षात येते की दीक्षितांना कौतुकापेक्षा तपासणी अधिक आवडली असती. जुन्या अंकगणितात उत्तराचा ताळा पाहण्याची रीत असे; गुणाकार केला की तो बरोबर आहे का, हे दुसऱ्या वाटेने पाहायचे. दीक्षितांचा सारा इतिहास या रीतीने लिहिला आहे. ते निष्कर्ष सांगतात, पण त्याआधी आकडे मांडतात, म्हणजे वाचकाला वाटले तर त्याने ताळा पाहावा आणि पटले नाही तर नाही म्हणावे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण त्यांच्या मराठी ग्रंथाच्या आधीचे आहे. गुप्त राजांचा शक कधी सुरू झाला, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची मते चार दिशांना होती. थॉमस इसवी सन ७७-७८ म्हणत, कनिंगहॅम १६६-६७, बेली १९०-९१, आणि फर्ग्युसन ३१८-१९. फरक थोडाथोडका नाही, अडीचशे वर्षांचा. समुद्रगुप्त नेमका कोणत्या शतकातला, हेच त्यामुळे अधांतरी राहिले होते. जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्तांचे लेख संपादित करत होते. हे फ्लीट आपल्या भागाला परके नाहीत. दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाड-बेळगाव या मुलखातले कानडी-संस्कृत लेख त्यांनीच 'इंडियन अँटिक्वरी'तून छापले, आणि कानडी जिल्ह्यांतील राजघराण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८८२ चा आहे. त्यांनी गणिताचे काम दीक्षितांकडे दिले.

मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळचा लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार, असे स्पष्ट दिले आहे. अल्बेरूनीने लिहून ठेवले होते की गुप्तांचा काळ शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. १६५ मध्ये २४१ मिळवा, शके ४०६ येते. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी दीक्षितांनी गणिताने काढली. ती २१ जून ४८४ रोजी पडते आणि त्या दिवशी गुरुवारच येतो. मध्ये अधिक महिना नसेल तर एका वर्षाच्या चुकीने वार चार दिवस सरकतो, म्हणून हे जुळणे महत्त्वाचे. पण वार सातच. डोळे मिटून अंदाज केला तरी सातांत एकदा बरोबर येणारच. हे दीक्षित जाणून होते. म्हणून एका गुरुवारावर त्यांनी इमारत उभी केली नाही.

दुसरा ताळा गुरू ग्रहाचा. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षांच्या जोडीला 'महावैशाख', 'महाआश्वयुज', 'महाचैत्र' अशी संवत्सरांची नावे येतात. ही बारा वर्षांच्या बार्हस्पत्य चक्राची नावे. पण ती ठरवायची कशी, याचा घोळ होता. गुरू कोणत्या राशीत आहे हे मध्यम गतीने पाहून नाव द्यायचे, असा एक समज होता. दीक्षितांनी जुनी वचने धुंडाळून दाखवले की मूळ पद्धत डोळ्यांनी पाहण्याची आहे. गुरू सूर्यतेजात लोपून पुन्हा पहाटे पूर्वेला उगवतो, तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून वर्षाला नाव मिळते. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात, म्हणून बारा वर्षांत अकराच उदय बसतात आणि एक नाव गळते. हा नियम हाती आल्यावर त्या ताम्रपटांची वर्षे गुप्त शकाच्या ३१९-२० या आरंभाशी बसू लागली. 'इंडियन अँटिक्वरी'तला त्यांचा या विषयावरचा लेख आणि फ्लीटचा ग्रंथ, दोन्ही १८८८ चे.

आपल्यापैकी जे खानापूर तालुक्यातल्या हलशीला नरसिंहाच्या दर्शनाला जातात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हेच चक्र तिथल्या ताम्रपटातही आहे. कदंब राजा मृगेशवर्मा याने आपल्या राज्याच्या आठव्या वर्षाला 'वैशाख संवत्सर' म्हटले आहे, आणि दान कार्तिकी पौर्णिमेचे आहे. ज्या पलाशिकेत पहाटे गुरूचा उदय पाहून वर्षाचे नाव ठेवत होते, ती पलाशिका म्हणजे आपली हलशी. कदंब आमचे की तुमचे, यावर सीमाभागात सभा होतात. त्या सभांतून गुरूच्या उदयाचा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही.

सेवेल यांच्यासोबतचे पुस्तक याच कामाचा विस्तार आहे. हे सेवेल म्हणजे पुढे १९०० साली विजयनगरचा इतिहास 'विस्मृत साम्राज्य' म्हणून जगापुढे आणणारे. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग कोष्टकांचा आहे आणि ते वाचायचे पुस्तक नव्हेच, वापरायचे आहे. तरीही त्याच्या प्रास्ताविक भागात एक गोष्ट अशी आहे, की ती महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना पुण्या-मुंबईच्या घरांपेक्षा लवकर कळेल. याच दिवाळीचे पाहा. लक्ष्मीपूजनाची अमावास्या बेळगावात आणि गोव्यात आश्विनातली. शेजारच्या कानडी घरातही आश्विनातलीच, कारण दोघांचा महिना अमावास्येला संपतो. तीच अमावास्या इंदूर-ग्वाल्हेरच्या शेजाऱ्याकडे कार्तिकातली, कारण त्याचा महिना पौर्णिमेला संपतो. दुसऱ्या दिवशी बडोद्यात विक्रम संवताचे नवे वर्ष लागते. इंदूरच्या त्याच शेजाऱ्याचे विक्रम संवत मात्र चैत्रात लागून गेलेले असते. आपल्याकडे शक आणि वर्ष बदलायला पाडव्याची वाट पाहायची. संवत्सराचे नाव विचाराल तर नर्मदेच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला दुसरे. आकाशात चंद्र एकच असतो आणि खाली हे सगळे. दीक्षित आणि सेवेल यांनी यातली कुठलीही पद्धत चूक ठरवली नाही. प्रत्येकीचा हिशेब मांडला, एकीतून दुसरीत कसे जायचे ते सांगितले, आणि हिजरी सनालाही त्याच पंगतीत बसवले. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला ही वृत्ती ओळखीची वाटावी.

आता मराठी ग्रंथाकडे. त्याचा जन्म दक्षिणा प्राइज कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्ताने झाला, आणि पुढे पंचांगाविषयीच्या ग्रंथाला बडोद्याच्या गायकवाड सरकारने जाहीर केलेल्या बक्षिसाचीही त्याला जोड मिळाली. म्हणजे मराठीत लिहिण्यामागे एखादी प्रतिज्ञा होती असे समजून भारावून जाण्याचे कारण नाही. कमिटीला मराठी ग्रंथ हवा होता. पण इंग्रजीत सुटे लेख लिहून नाव मिळत असताना एवढे मोठे काम त्यांनी मराठीत पुरे केले, वाढवले, आणि त्यात काही हातचे राखले नाही, हेही खरे. त्याची किंमत पडली. हिंदी भाषांतर लखनौहून १९५७ साली निघाले. इंग्रजी भाषांतर उज्जैनच्या प्राध्यापक वैद्यांनी केले. त्याचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली भारत सरकारने छापला. मूळ ग्रंथानंतर पंचाऐंशी वर्षांनी इंग्रजी वाचकाला तो पुरा मिळाला. तोवर या विषयाची पाश्चात्त्य चर्चा बरीच पुढे निघून गेली होती, आणि दीक्षितांचे म्हणणे तिच्यात बहुतेक वेळा ऐकीव रूपात आले.

नावातल्या 'ज्योतिष' शब्दाने दचकू नये. कुंडली आणि भविष्य हा या ग्रंथाचा एक कोपरा आहे. पहिल्या भागात वेदकाळ आणि वेदांगकाळ. दुसऱ्यात सिद्धांतांचा काळ, आणि त्यात गणित, संहिता, जातक असे तीन स्कंध. त्यातला गणितस्कंध हा ग्रंथाचा कणा. एकेका ज्योतिष्याचा काळ, गाव, घराणे, ग्रंथ, त्याने घेतलेली ग्रहगती, ती कोणत्या सिद्धांताशी जुळते, असे सारे येते. हस्तलिखिते मागवावी, पत्रे लिहावी, आणि आलेल्या प्रत्येक मजकुरातील अंक स्वतः मोडून पाहावेत, असा हा खटाटोप. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ आणि त्याचा बाप केशव यांच्यावरचे विवेचन तर माझ्या मते ग्रंथातले सर्वांत चांगले. ग्रहलाघव शके १४४२ चे, म्हणजे १५२० चे. ज्या (त्रिकोणमितीतली) न वापरता ग्रहगणित करून दाखवण्याची त्याची करामत. सोपेपणामुळेच तो चारशे वर्षे पंचांगवाल्यांच्या हाती राहिला, आणि सोपेपणामुळेच त्याला कमी लेखण्याची रीत पडली. कोकणातल्या नांदगावचे हे पितापुत्र स्वतः वेध घेणारे होते, आकाश पाहून जुने अंक सुधारणारे होते, ही गोष्ट दीक्षितांनी पुराव्यानिशी पुढे आणली. कोकणचा माणूस कोकणच्या माणसाविषयी लिहितो आहे असा संशय येईल; पण पुरावा वाचला की तो राहत नाही.

पहिल्या भागाविषयी मात्र माझे मत इतके सरळ नाही. दीक्षितांचे सर्वांत गाजलेले अनुमान त्यातच आहे. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. दीक्षितांनी याचा अर्थ शब्दशः घेतला: कृत्तिका तेव्हा बरोबर पूर्वेला उगवत होत्या, म्हणजे त्या आकाशातल्या विषुववृत्तावर होत्या. अयनचलनामुळे ही स्थिती बदलत जाते, आणि मागे मोजत गेले तर ती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांच्या आसपास येते. १८९५ साली त्यांनी हे 'इंडियन अँटिक्वरी'त इंग्रजीतूनही मांडले.

गणितात खोट नाही. आजही कोणी गच्चीवर जाऊन ताळा पाहू शकतो, आणि दिवसही हेच बरे. कार्तिकात दिवस मावळता मावळता कृत्तिका उगवतात. बेळगावच्या अक्षांशावर त्या आज खऱ्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला दिसतील. तेव्हा 'पूर्वेपासून ढळत नाहीत' हे आज कोणी म्हणणार नाही. कधी काळी म्हणता आले असते, इतके निर्विवाद.

प्रश्न वाक्याचा आहे. यज्ञाचा अग्नी कोणत्या नक्षत्रावर ठेवावा, याच्या चर्चेतले ते एक वाक्य. त्यातली 'पूर्व' किती अंशांची? विंटरनिट्झ यांनी असा अर्थ सुचवला की कृत्तिका रात्री बराच वेळ पूर्वेच्या बाजूला दिसत राहतात एवढेच त्यात अभिप्रेत असावे, आणि तसे घेतले तर काळ इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास येतो. शिवाय, एखादे जुने निरीक्षण कानोकानी टिकून मग एका नव्या ग्रंथात यावे, हेही अशक्य नाही. तसे असेल तर निरीक्षणाचा काळ आणि ग्रंथाचा काळ वेगळे. एरणच्या लेखात दीक्षितांनी वाराच्या जोडीला गुरूचा दुसरा साक्षीदार उभा केला होता. इथे एका वाक्याला इतक्या ताकदीचा जोडीदार नाही. म्हणून हे अनुमान मला विचार करण्याजोगे वाटते, सिद्ध झालेले वाटत नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे वेदांचे वय वाढवू पाहणारे दीक्षितांचे नाव घेऊन हे वाक्य पुढे करतात आणि ते कमी करू पाहणारे ते उडवून लावतात. दोन्हीकडे त्यांची मूळ पाने उघडणारे थोडे.

कारण तीच पाने उलटत पुढे गेले, तर वेदाभिमान्यांना न आवडणाऱ्या गोष्टीही तितक्याच शांतपणे लिहिलेल्या सापडतात. सोमवार, मंगळवार ही वारांची पद्धत मूळची आपली नाही, असे दीक्षित स्वच्छ म्हणतात. वेदांत वार नाहीत, वेदांगात नाहीत. वारांचा क्रम कसा लागतो ते पाहिले की कारणही उमगते. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा ग्रहांचा दूरपासून जवळपर्यंतचा क्रम घ्यायचा, दिवसाचे २४ होरे करून प्रत्येकाला एकेक स्वामी द्यायचा, आणि सूर्योदयाच्या होऱ्याच्या स्वामीचे नाव दिवसाला लावायचे. शनिवारनंतर चोवीस होरे मोजले की पंचविसावा येतो रवीचा, त्यापुढचा चंद्राचा. पण आपल्याकडे दिवसाचे भाग साठ, घटकांचे. २४ ची विभागणी आणि 'होरा' हा शब्द, दोन्ही पाहुणे. टिळकांच्या पुण्यात, १८९६ साली, हे मराठीत लिहायला धीर लागत असणार. ग्रहाच्या मध्यम स्थानावरून स्पष्ट स्थान काढण्याच्या तत्त्वात ग्रीकांचे ऋण आहे आणि 'केंद्र' शब्द त्याची खूण आहे, हेही त्यांनी मान्य केले. पुढची अंकांची इमारत मात्र आपली, असा त्यांचा निवाडा.

हा निवाडा पुढच्या संशोधनात पुरता टिकला नाही. नॉयगेबाउअर आणि डेव्हिड पिंग्री यांनी पंचसिद्धांतिकेतल्या अंकांत बाबिलोनी पद्धतीच्या स्पष्ट खुणा दाखवल्या, आणि बाहेरून आलेला वाटा दीक्षितांना वाटला त्याहून बराच मोठा ठरवला. पण पिंग्री यांनी यवनजातकाच्या संपादनात (१९७८) त्या ग्रंथाचा जो काळ ठरवला होता, त्याचा पाठच बिल मॅक यांनी नवे हस्तलिखित पाहून २०१३ साली डळमळीत केला. म्हणजे ताळा पाहण्याचे काम अजून संपलेले नाही. केरळच्या गणितपरंपरेचे जे वैभव के. व्ही. शर्मा यांच्या संपादनांतून विसाव्या शतकात उजेडात आले, तेही दीक्षितांच्या हाताशी नव्हते. त्यामुळे भास्कराचार्यांनंतर दक्षिणेत काय घडले याचे त्यांचे चित्र अपुरे आहे. आजच्या वाचकाने हे धरूनच वाचावे.

भास्कराचार्यांचे नाव आलेच आहे, तर आमच्या भागाचा एक दुखरा विषय घेतो. भास्कराचार्यांनी आपले गाव 'विज्जडविड' म्हणून सांगितले आहे, सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले. नामसादृश्यावरून ते विजापूर, असे कित्येक पुस्तकांत छापलेले आढळते, आणि विजापूर हे २०१४ पासून विजयपूर झाल्याने त्या सादृश्याला आणखी जोर चढला आहे. फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात बिदर म्हटले आहे. दीक्षितांनी बिदर बाजूला ठेवले ते साध्या भूगोलाने: सोलापूरच्याही पूर्वेला असलेले गाव सह्याद्रीजवळचे कसे? त्यांच्यापुढे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख होता. भाऊ दाजींनी उजेडात आणलेला, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. विजापूरलाही तोच भूगोल लावता येईल. पण ध्यानात घ्यावे, की भास्कराचार्य मराठी की कानडी हा प्रश्न दीक्षितांनी विचारलेलाच नाही. गाव कोणते, एवढेच विचारले. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे वक्ते उत्तर आधी ठरवून गावाकडे वळतात. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना दोन भाषांच्या पुस्तकांतून भास्कराचार्यांची दोन गावे शिकवली जात असतील, तर त्यांच्यापुढे पाटणचा लेख आणि एक नकाशा ठेवणे हा त्यावर माझ्या माहितीतला एकमेव उपाय आहे.

एका प्रकरणात मात्र हा तोल सुटतो. पंचांगाच्या. तिथे इतिहासकार मागे राहतो आणि पक्षकार पुढे येतो. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढून युरोपी अंकांवर पंचांगाची शुद्धी आरंभली. पण त्यांचे पंचांग निरयन, रेवती ताऱ्यापासून मोजणारे. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले आणि ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक यांचा पक्ष सायन, म्हणजे राशी संपातबिंदूपासून मोजाव्यात असा. दीक्षित या पक्षाला मिळाले आणि अखेरपर्यंत राहिले. त्यांचा मुद्दा समजायला सोपा आहे. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागते आणि आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो. हे अंतर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेका दिवसाने वाढत जाणार. ऋतूंसाठी ठरवलेले सण अखेर ऋतू सोडून भलतीकडे जातील. तर्क बिनतोड, पण प्रतिपक्षाला देण्याइतकी जागा त्यांनी तिथे दिली नाही. निरयन राशींवर हजारो वर्षांचा व्यवहार, मुहूर्त आणि श्रद्धा बसलेल्या आहेत, हे त्यांना दिसत होते. त्याचे वजन मात्र त्यांनी फार कमी धरले. घराघरातली माणसे कोष्टकांनी वळत नाहीत.

पुढे झाले ते मजेदार आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी सभासद होते, राष्ट्रीय दिनदर्शिका तयार केली. ती २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. शके १८७९, चैत्र १. तिची वर्षगणना सायन. सणांसाठी मात्र समितीने निरयन गणना ठेवली, आणि तिचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्याच्या समोरचा. या चित्रापक्षाचा खंदा पुरस्कर्ता कोण? नरगुंदला जन्मलेले, बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर, 'ज्योतिर्गणित'कार वेंकटेश बापूजी केतकर. दीक्षितांहून केवळ एका वर्षाने लहान, तेही मास्तर, तेही संसार सांभाळून अंक मोडणारे, आणि दीक्षितांच्या ग्रंथात गौरवाने आलेले. सरकारी राजपत्रावर मुरूडच्या मास्तरांचा पक्ष जिंकला आणि देवघरात बागलकोटच्या मास्तरांचा. कोकणात अजून काही घरे टिळक पंचांग पाळतात आणि एखाद्या वर्षी त्यांचा अधिक महिना इतरांहून वेगळा पडतो, तो रेवतीपक्षाचा उरलेला अंश.

भाषेविषयी दोन शब्द. दीक्षितांची मराठी नटलेली नाही. अहर्गण, मंदफल, शीघ्रफल, क्रांती असे शास्त्राचे शब्द ते न बिचकता वापरतात, आणि भोवतीचे वाक्य मात्र शाळेत फळ्यापाशी उभे राहून बोलावे तसे साधे ठेवतात. स्वतः पाहिलेले, पत्राने कळलेले आणि अनुमानाने म्हटलेले, या तिन्हींची सरमिसळ होऊ देत नाहीत. दोष आहेत. टीपा वाहवत जातात, एकच मुद्दा तीन ठिकाणी येतो, समकालीनांशी चाललेले वाद आज नीरस वाटतात. सीमाभागात मराठी शाळेत घातलेल्या मुलाच्या आईबापांना हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, की या भाषेत पुढे काय शिकणार? आपण उत्तरादाखल ज्ञानेश्वर-तुकारामांची नावे घेतो आणि विचारणारा हसून गप्प बसतो, कारण त्याने कवितेविषयी विचारलेलेच नसते. त्याच्यापुढे ठेवायला दीक्षितांचे गणित आहे.

ज्यांना ग्रंथ वाचून पाहायचा असेल त्यांनी वेदकाळापासून आरंभ करू नये. तिथे पहिल्या पन्नास पानांत दम लागतो. गणितस्कंधातल्या ज्योतिष्यांच्या चरित्रांपासून सुरुवात करावी, केशव-गणेशांपाशी थोडे थांबावे, मग मागे जाऊन कृत्तिका वाचाव्यात. १९३१ ची दुसरी आवृत्ती जुन्या ग्रंथालयांतून सापडते; पाने ठिसूळ असतात, तेव्हा ती जपून उलटावीत. जवळ कागद-पेन्सिल ठेवावी.